ओव्याची पुरचुंडी

आई, बडोद्यात थंडी पडली आणि रविवारी दादा फतेगंजला माझ्याकडे आला. नंदेसरीच्या रसायनांच्या कारखान्यातली नोकरी, तिथली ती हवा, त्यात हा गारठा. जिना चढतानाच त्याला धाप लागली होती. मी आधी हात धुवायला लावले, दम्याचा पंप घेतलास का विचारलं, फ्लूची लस यंदाही राहिली म्हणून ओरडले. मग तव्यावर ओवा गरम करून तू गेल्यावर जपून ठेवलेल्या तुझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधला, पुरचुंडी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिली आणि त्याच्या छातीवर ठेवली. तो डोळे मिटून म्हणाला, "आईचाच हात लागल्यासारखा वाटतो गं." मला इतका राग आला की पुरचुंडी तिथेच टाकून उठावंसं वाटलं. तुझा हात छातीवर कसा लागतो हे त्याला माहीत आहे. मला नाही.

लहानपणीचं, बाजव्याच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. दादा तुझ्यासमोर सतरंजीवर बसलाय, तू त्याच्या पाठीला कोमट तिळाचं तेल चोळते आहेस आणि मी दारात उभी आहे. माझ्या वाट्याला नुसत्या सूचना. कानटोपी घाल. मेथीचा लाडू संपव, तोंड वाकडं करू नकोस. खोकणाऱ्याच्या तोंडाशी तोंड नेऊ नकोस. शाळेत नाव घालायच्या आधीच हे सगळं तू मला शिकवलंस आणि मी इतक्या इमानाने पाळलं की मला कधी धड सर्दीसुद्धा झाली नाही. एकदा धीर करून म्हटलं, "आई, माझीही छाती शेकून दे ना." तू मान वर न करता म्हणालीस, "तुला काय धाड भरलीय?"

मग त्या वर्षी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, मी पहाटे नळाच्या गार पाण्याने डोकं धुतलं आणि ओल्या केसांनी गच्चीवर वाऱ्यात बसून तापाची वाट पाहिली. चहूकडे पतंग, आरडाओरडा, शेजारणी आपापल्या मुलांची फिरकी धरून उभ्या. तू मात्र खाली दादापाशी. शेवटी एकीने कठड्यावरून हाक मारली, "अरे बेन, तमारी बेबी भीना वाळे बेठी छे!" तू धावत वर आलीस आणि पदराने माझं डोकं असं खसाखसा पुसलंस की कान झोंबले. "एक आजारी पुरत नाही का गं मला?" तू आणखी थोडा वेळ पुसावंस, एवढंच मनात होतं. ताप आला नाही. शिंकही नाही.

रविवारी हे दादाला सांगितलं तर तो हसता हसता खोकायलाच लागला. "वेडी आहेस. मी खिडकीतून तुझे पतंग बघायचो." मग म्हणाला, "माझ्या वेळी आईला काही कळत नव्हतं. माझ्यावर शिकली आणि तुला वाचवलं." खरं असेल. विचार केला तर पटतंही. पण हेवा गेला नाही, आई. जो आजार झालाच नाही, त्यात तू माझ्यासाठी काय केलंस ते मी कसं आठवू? त्याला ओव्याच्या वासात तू सापडतेस. मला त्या कडू लाडवात शोधायला लागतं.

निघताना त्याने ती पुरचुंडी मागितली. "ही मळलीय रे," म्हणून मी नव्या रुमालात ओवा बांधून दिला. मळली नव्हती. तुला लिहिलेले हे कागद घडी करून कपाटात ठेवणार आहे, त्याच्या हाती लागायला नकोत. मला सर्दी नाही, खोकला नाही. तरी आज परत तवा तापवला, दार लावून घेतलं, आणि तुझ्या साडीचा तो तुकडा आत्ता माझ्या छातीवर आहे.