तट्टावर चढायचा दगड

आई,

लसी पोचवायला ती बुटकी रोडस्टर मोटरसायकल चालवून बघायला दिली होती, ती परत करायला मोखोत्लोंगला चाललेय. येताना डोंगरात चालणारी उंच ॲडव्हेंचर आणेन.

"आपली तट्टं बुटकीच, तरी डोंगर चढतात, मग उंच गाडी कशाला?" असं तुम्ही म्हणालात, आणि मलाही पटलं. हिच्यावर माझे पाय टेकत होते ना. पण तट्टू दगड बघून पाय उचलतं. काल ही ओढ्यातल्या दगडांवर पोट टेकून बसली आणि लसींची पेटी डोक्यावर धरून मी पाण्यात उभी राहिले. तुम्ही तट्टू घेऊन आलात आणि पेटी त्याच्यावर चढवलीत. वरच्या गावातल्या सगळ्या पोरांना लस मिळाली, ती तुमच्यामुळे.

मक्याच्या पिठाचा घट्ट पापा आणि पाल्याची भाजी झाकून ठेवलीय. तट्टाला जोंधळा घातलाय, जरा जास्तच.

खाणीतून तुमच्या लेकाचा, मोखेलेचा फोन आलाच, तर मी बरी आहे म्हणा. कधी येणार, ते त्याला विचारू नका.

उंच गाडीवर माझे पाय टेकणार नाहीत. तुम्ही ज्यावर उभं राहून तट्टावर बसता, तो दारातला दगड हलवू नका. आता तो दोघींना लागेल.

तुमची सून,
मामोलेफी