आईने पाठवलेले दोन काळे ड्रेस

डेलेनी,
तुझ्या काळ्या ड्रेसच्या काखेतला पांढरा डाग डिओडरंटचा होता. व्हिनेगरने काढलाय, वाळल्याशिवाय इस्त्री फिरवू नकोस. आईने उत्साहात त्यावर लावलेली तिच्या कॉलेजातल्या मुलींच्या क्लबची जुनी पिन मी काढून ठेवली आहे. सदस्य होण्याआधी ती लावलेली सॉरॉरिटीतल्या मुलींना खपत नाही. उंच टाचा पिशवीत ने, दारापर्यंत चपलाच घाल.

माझा ड्रेस कपाटातच आहे. नव्या सदस्य निवडायच्या आजच्या शेवटच्या फेरीत तू एकटी पडशील, त्यावर मला उपाय सापडला नाही.

सकाळी आईचा फोन आला. "अगं मेरिट, जुळ्या पोरी एकसारख्या नटून उभ्या राहिल्यावर माझ्या सॉरॉरिटीतून नकार देईल कोण?" आठवडाभर मी नुसतं "हं" म्हणत होते. ती रडणार हे कळत होतं. तरी म्हटलं, "आई, मी जाणार नाही."