मी म्हणाले होते, तो विषय सोडा

प्रिय शेळके सर,

काल तुमच्या शाळेत जाऊन आले आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये. गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं, तेही कळलं नाही. हे बोलायचं ते तुमच्याशीच. आणि तुम्ही तर दिवाळीच्या सुट्टीत असे अचानक जगातूनच गेलात!

जूनमध्ये चाकणला शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी आमच्या संस्थेची पर्यावरणाची पुस्तिका वाटली होती, आठवतं? बाकीच्यांनी ती पिशवीत टाकली. तुम्ही पानं उलटून विचारलंत, "मॅडम, झाडं लावा, पाणी वाचवा, ठीक आहे. पण आमच्या शाळेमागचा ओढा यात कुठाय?" मी हसण्यावारी नेलं. तुम्ही मात्र सातवीची मुलं घेऊन दर शनिवारी ओढ्यावर जायला लागलात. पाण्याचा रंग, वास, मासे दिसले का, सगळं एका वहीत.

मग एका दुपारी तुमचा फोन. सोनालीनं भर वर्गात विचारलं होतं, "सर, हे पाणी पप्पांच्या कंपनीतनं येतंय. आमी लिहिलं तर पप्पांचं काम जाईल का?"

"पोरीला काय सांगू, मॅडम?"

आणि मी काय म्हणाले? "तो विषय सोडा सर. शाळेच्या प्रदर्शनात तुळशीची रोपं ठेवा." किती पटकन म्हणाले! आमच्या संस्थेला त्याच कंपनीची मदत होती, हे सांगितलंही नाही. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. ओरडला का नाहीत माझ्यावर?

काल कळलं, तुम्ही विषय सोडलाच नव्हता. सोनालीच्या घरी जाऊन तिच्या वडिलांसमोर वही ठेवली होतीत. ते "थांबा" म्हणाले, म्हणून थांबलात. तेच वडील काल पहिली शिफ्ट संपवून थेट शाळेत आले, अंगावर कंपनीचाच शर्ट. तुमच्या जागी आलेल्या बाईंना म्हणाले, "तवा मी भ्यालो व्हतो. पर आमची गुरं बी तेच पाणी पित्यात. पोरांना ग्रामसभेत वही वाचू द्या. मी म्होरं बसतो."

बाई नवीन, बावरलेल्या. माझ्याकडे वळल्या, "मॅडम, करू का?"

"करा. मी येते," मी म्हणाले. सोनालीनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. "माहीत नाही गं," एवढंच खरं सांगू शकले. तुम्ही काय सांगितलं असतंत, सर?

आज सकाळीच संस्थेत फोन करून सांगितलं, मी ग्रामसभेला जातेय. साहेब म्हणाले, "नीट विचार करा." तेच तर करतेय सकाळपासून, घरभर येरझाऱ्या घालत! माझं काम गेलं तर? गेलं तर गेलं, असं छातीठोक म्हणवत नाही, खोटं कशाला बोलू?

पण शब्द देते. शुक्रवारी ग्रामसभेत सोनाली वाचायला उठेल, तेव्हा मी तिच्या शेजारी उभी असेन. आणि "हे मुलांना कुणी शिकवलं?" असं कुणी दरडावून विचारलं, तर आधी तुमचं नाव घेईन. त्याला लागूनच माझं.

उशिरा शहाणी झालेली,
वैशाली