मिनिस्टरचा राजीनामा

२ एप्रिल, मंगळवार

आजपासून रोजनिशी. हेतू एकच: कुत्र्याच्या शिक्षणाची वस्तुनिष्ठ नोंद. भावनांना जागा नाही.

पार्श्वभूमी. शनिवारी मिनिस्टरने झाप्लेताल कुटुंबाचा ईस्टरचा केक खाल्ला. कोकराच्या आकाराचा, जिन्याच्या खिडकीत निवायला ठेवलेला. झाप्लेताल आमच्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. आज बैठक झाली. ठराव: मिनिस्टरने सप्टेंबरअखेर श्वान क्लबची प्राथमिक परीक्षा पास व्हावं, नाहीतर इमारत सोडावी. विरोधात एक मत, माझं. मी शिक्षेच्या मानसशास्त्राबद्दल थोडं बोललो. माझी बायको द्राहा तटस्थ राहिली. घरी आल्यावर म्हणाली, तू बोलत होतास तेव्हा मला मान वर करवेना. भारावून गेली असावी.

मिनिस्टर माझ्या सासऱ्यांचा. काळा, दाढीवाला, राक्षसी श्नाउत्सर जातीचा. दिवसातून एकदा तरी मंत्र्यावर खेकसायला मिळावं म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं होतं. जानेवारीत सासरे गेले. त्यांची आरामखुर्ची आणि मिनिस्टर आमच्याकडे आले.

इमारत सोडणं म्हणजे लुबोरकडे जाणं. लुबोर द्राहाचा भाऊ, गावाबाहेर त्याची लाकडाची वखार आहे. त्याने फोनवर सांगितलं, दाजी, काळजी नको, साखळी आहे माझ्याकडे, चांगली जाड. द्राहाने फोन ठेवला आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी स्वच्छच होती.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. कुत्र्याला आरामखुर्चीवर बसू द्यायचं नाही. आणि एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायचं नाही. पालक-सल्ला केंद्रात मी रोज आईवडिलांना हेच सांगतो, तेव्हा जमायला हरकत नाही.

६ एप्रिल, शनिवार

क्लबचा पहिला दिवस. साखर कारखान्यामागचं मैदान, एक लाकडी झोपडी, झोपडीत बियर आणि सॉसेज. शिकवतात शेबेस्तोवा बाई. सत्तरीच्या आहेत. तोंडातली सिगारेट न काढता ओरडू शकतात. सगळ्यांना अरेतुरे करतात. काय करतोस म्हणून विचारलं. सांगितलं. माझी डॉक्टरेट वैद्यकातली नाही, मानसशास्त्रातली आहे, हेही गैरसमज नको म्हणून स्पष्ट केलं. तेव्हापासून मैदानावर सगळे मला डॉक्टर म्हणतात. आदराने, असं दिसतं.

बाई म्हणाल्या, डॉक्टर, बसव त्याला. मी मिनिस्टरला बसायला सांगितलं. तो यिस्क्राला हुंगायला गेला. यिस्क्रा ही झाप्लेताल यांची डाकहुंड, आखूड पायांची लांबोडी कुत्री. (तेही क्लबात आहेत. हे आधी कळलं असतं तर बरं.) ती या परीक्षेत दोनदा नापास झाली आहे, कारण पान पडलं तरी ती उठून बघायला जाते.

बाईंनी विचारलं, घरी हुकूम कोण सोडतं? मी म्हणालो, आम्ही हुकूम हा शब्द वापरत नाही. बाईंनी सिगारेट विझवली आणि लगेच दुसरी पेटवली.

संध्याकाळपासून एक गोष्ट छळते आहे. बस म्हणताना माझा सूर कोरडा होता का? आतला हुकूमशहा असाच डोकं वर काढतो. मिनिस्टरची माफी मागितली. तो आरामखुर्चीत होता. तात्पुरता.

१४ एप्रिल, रविवार

द्राहाने आज सांगितलं की बाबांचे शब्द वेगळे होते. ते म्हणायचे, मिनिस्टर, राजीनामा. की हा जमिनीवर सपाट. उठ म्हणेपर्यंत हलायचा नाही. गुत्त्यात लोक त्यासाठी त्यांना बियर पाजायचे.

आज्ञेचे शब्द ठरलेले असतात का, हे कालच बाईंना विचारलं होतं. नियमात शब्दाचं बंधन नाही. म्हणाल्या, बटाटा म्हण, कांदा म्हण, कुत्रा झोपला म्हणजे झालं.

तरीही विचारांती नकार. आज्ञेत उपहास नसावा. उपहासाने मूल गोंधळतं, कुत्रा तर अधिकच. शिवाय निवडून आलेल्या सरकारबद्दल माझं मत काहीही असो, ते कुत्र्याच्या तोंडून व्यक्त होऊ नये. द्राहाला हे सगळं नीट समजावलं. ती म्हणाली, नको म्हणूस मग. बाबांचाच शब्द आहे तो. आवाज जरा बसला होता. पटलं असावं.

४ मे, शनिवार

आज ‘पडून राहणे’. कुत्र्याला झोपवायचं, तीस पावलं दूर जायचं आणि त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. तेवढ्या वेळात मैदानावर दुसरा कुत्रा आपली कामं करतो. आपल्या कुत्र्याने उठायचं नाही, आपण वळून बघायचं नाही. परीक्षेत सर्वाधिक गुण याला.

हा प्रकार मला मनापासून आवडला. सगळा विश्वासावर उभा आहे. मी पाठ करून उभा राहिलो. मिनिस्टर मागे शांत पडून आहे हे पाठीला स्पष्ट जाणवत होतं.

नंतर कळलं की तो झोपडीत होता. सॉसेज संपली आहेत.

१८ मे, शनिवार

बाईंनी माझ्यावर खास जबाबदारी सोपवली. सगळ्यांचे कुत्रे ओळीने झोपवतात, मधोमध मिनिस्टर. मी पाठ करून उभा. बाई म्हणाल्या, डॉक्टर, तू नवीन काही करू नकोस. जे करतोस तेच कर, आणि असंच दर शनिवारी कर.

हेतू उघड आहे. इतर कुत्र्यांनी त्याच्याकडे बघून शिकावं.

मला मागचं दिसत नाही, पण धावपळ ऐकू येत होती. आज यिस्क्रा पहिल्यांदाच शेवटपर्यंत पडून राहिली. मिनिस्टर म्हणे दोनदा तिच्या अंगावरून उडी मारून गेला. झाप्लेताल यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी मला बियर आणून दिली. केकनंतर पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, डॉक्टर, तुमचं जनावर म्हणजे भूकंप आहे भूकंप. जो कुत्रा याच्यापुढे पडून राहील तो कुठेही राहील.

प्रशंसा म्हणून नोंद.

८ जून, शनिवार

क्लबचं श्रमदान. प्रत्येक सभासदाला करावंच लागतं. मी उड्यांचे अडथळे रंगवले, लाल आणि पांढरे पट्टे. बाई म्हणाल्या, रंगवतोस छान. त्या सहसा कौतुक करत नाहीत.

मिनिस्टर ओल्या रंगातून आरपार गेला. त्याच्या उजव्या अंगावर आता लाल पट्टा आहे. द्राहा म्हणाली, चला, निदान क्लबचा तरी वाटतो. जानेवारीपासून पहिल्यांदाच हसली. पट्टा धुवायची घाई नाही.

१३ जुलै, शनिवार

मिनिस्टर तळ्यात गेला. दोरी माझ्या मनगटाला होती.

२७ जुलै, शनिवार

आज मिनिस्टर बसला! मी सांगायच्या आधीच. म्हणजे आता शब्दांचीही गरज उरलेली नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

केंद्रात काल एक आई आली होती. मुलगा ऐकत नाही, म्हणाली. मी म्हणालो, सातत्य ठेवा. ती म्हणाली, तुम्हाला मुलं आहेत का? मी म्हणालो, कुत्रा आहे. ती म्हणाली, मग ठीक आहे. हे ‘मग ठीक आहे’ काल दिवसभर डोक्यात होतं.

आज दुपारी घरी आलो तर बैठकीच्या खोलीतून द्राहाचा आवाज. हळू. मिनिस्टर, राजीनामा. मग धप्प. मग बराच वेळ काही नाही. दारातून दिसलं: ती आरामखुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती आणि तिचा हात त्याच्या मानेवर होता. त्या खुर्चीत ती स्वतः अजून एकदाही बसलेली नाही.

पद्धतीची सरमिसळ होते आहे, हे तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मत्सर वाटला का, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही.

पुन्हा विचारलं. थोडा.

१४ सप्टेंबर, शनिवार

लुबोरचा फोन. दाजी, खोपटं बांधून झालं, पत्राही टाकला. मी म्हणालो, लाकूड जपून ठेव, दुसरीकडे वापरता येईल. तो म्हणाला, ताईला दे फोन. ताईने घेतला नाही.

आजच्या तालमीत मिनिस्टर एकदाही झोपला नाही. ऊर्जा राखून ठेवतो आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

उद्या परीक्षा. मन शांत. चिंता एवढीच की आपण या सहा महिन्यांत त्याच्यावर फार दडपण तर आणलं नाही? आज्ञाधारकपणाच्या नादात त्याचा स्वभाव मोडला तर तो विजय माझ्या काय कामाचा? हे बाईंना बोलून दाखवलं. त्यांना सिगारेटचा ठसका लागला.

पास झाल्यावर झाप्लेताल यांना केकवरून टोमणा मारायचा नाही. हस्तांदोलन करायचं. दोन शब्द तयार केले आहेत. उदार.

२१ सप्टेंबर, शनिवार

बाहेरगावचा परीक्षक, हिरवी टोपी. द्राहा पहिल्यांदाच मैदानावर आली. झोपडीच्या ओट्यावरच्या बाकावर बसली, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर.

आधी ‘सोबत चालणे’. मी चाललो, मिनिस्टरही चालला, दिशेबाबत मतभेद होते. थोडे गुण मिळाले. बाई म्हणाल्या, डॉक्टर, पडून राहणं जमलं तर काठावर निघशील. मग जवळ येऊन म्हणाल्या, म्हण ना रे तो म्हाताऱ्याचा शब्द. अख्ख्या गावाला माहीत आहे. एकदा म्हण आणि सुट.

मिनिस्टर माझ्याकडे बघत होता. दाढीला दव लागलेलं. मी बाकाकडे पाहिलं. द्राहा जमिनीकडे बघत होती. बाबांचाच शब्द आहे तो, असं ती म्हणाली होती, आणि मी उपहासाबद्दल बोललो होतो. तो शब्द माझ्या तोंडी शोभला नसता. हे मला एप्रिलपासूनच माहीत होतं, फक्त कारण वेगळं लिहिलं होतं.

मी झोप म्हणालो. दुसऱ्यांदाही म्हणालो. तो झोपला, निदान वाकला. मी तीस पावलं गेलो आणि पाठ केली.

मागे शांतता. इतकी शांतता या मैदानावर मी कधी ऐकली नव्हती. पाठीला स्पष्ट जाणवत होतं. मग दुरून द्राहाचा आवाज. ओरडली नाही, साध्या आवाजात म्हणाली, मिनिस्टर. राजीनामा. आणि धप्प.

मी वळलो नाही. नियम आहे.

परीक्षकाने परत जा म्हटल्यावर वळलो. मी त्याला झोपवलं होतं तिथे फक्त दबलेलं गवत होतं. मिनिस्टर ओट्यावर द्राहाच्या पायाशी सपाट पडला होता, हनुवटी तिच्या बुटावर. तोंडापुढे न खाल्लेलं सॉसेज. मी तिथे पोचलो तरी उठला नाही. मग ती उठ म्हणाली.

निकाल: बाहेरून मदत, शून्य. परीक्षक म्हणाला, कुत्रा उत्तम तयार आहे, चुकीच्या माणसाबरोबर मैदानात आला एवढंच.

बाकी सगळे पास. यिस्क्रा पहिली. मिनिस्टर सॉसेज घेऊन तिच्या नाकासमोरून गेला तेव्हा तिने पापणीसुद्धा हलवली नाही म्हणे. तयार केलेले दोन शब्द झाप्लेताल यांना तसेच सांगितले. ते पराभूताला सांगायचे होते, पण त्यांना आवडले.

गाडीत द्राहा म्हणाली, मी घालवलं ना रे? मी म्हणालो, नाही.  मिनिस्टर मागच्या सीटवर ओकला.

२५ सप्टेंबर, बुधवार

इमारतीची बैठक. मी उभा राहून म्हणालो, निकाल आम्हाला मान्य आहे, रविवारी लुबोर गाडी घेऊन येईल. पुढचं वाक्यही तयार होतं, पण नाक शिंकरावं लागलं. ऋतू बदलतो आहे.

झाप्लेताल म्हणाले, बसा हो डॉक्टर. जनावर कुठेही जाणार नाही. वसंतात यिस्क्राची पुढची परीक्षा आहे. हा भूकंप गेला तर ती परत पानं मोजत बसेल. त्यांची बायको म्हणाली, आणि माझा केक? ते म्हणाले, केक खिडकीत ठेवू नकोस.

नवीन ठराव: मिनिस्टर राहील. अट एकच. जिन्यातून त्याला द्राहा नेईल. डॉक्टर मागून चालू शकतात.

एकमत झालं नाही. मी तटस्थ राहिलो. द्राहाने हात वर केला होता. दोन्ही हात. एक खाली घ्यायला लावला.

५ ऑक्टोबर, शनिवार

क्लबची वार्षिक सभा. बाईंनी मिनिस्टरची वर्गणी माफ केली. वर्गणी सभासद भरतात, म्हणाल्या, साहित्य भरत नाही. उड्यांचे अडथळे, चढाची फळी आणि मिनिस्टर. माझी वर्गणी घेतली. पुढच्या शनिवारी मला पाठ करून उभं राहायचं आहे. हिवाळ्याआधी फळीही रंगवायची आहे.

लुबोरचा फोन. दाजी, खोपट्यात कोंबड्या ठेवल्या. ताई खूश आहे ना?

ताई बैठकीच्या खोलीत विणते आहे. मी हे स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून लिहितो आहे, कारण टेबलापाशी नीट लिहिता येतं, आणि कारण आरामखुर्चीत मिनिस्टर आहे. लाल पट्टा अजून गेलेला नाही.

सहा महिन्यांनंतर आता स्पष्ट बोलता येईल. मी आत जाऊन उतर म्हणालो तर तो उतरेल. याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच जात नाही.