दरीकडची बाजू

२ फेब्रुवारी

व्हॉलीबॉल परत दरीत गेला. मीच मारला, म्हणून मीच उतरले. नियमच आहे आमचा – जी मारेल ती उतरेल. मैदानाच्या एका टोकाला शाळेची भिंत, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. सरळ उतार आणि खाली काटेरी झुडपं. धडपडत वर येईपर्यंत तास संपला होता. सगळ्या जणी पायरीवर बसून माझी मजा बघत होत्या.

सर वैतागले. "शिडी, किती वेळा सांगायचं? दरीकडे टाकायचा, मारायचा नाही. एकच बॉल उरलाय." (उंच म्हणून शिडी. चौथीपासून.) सर आम्हाला खेळही शिकवतात आणि विज्ञानही. शाळाच एवढीशी. ते दरवर्षी त्या टोकाला उंच कुंपण मागतात आणि दरवर्षी मोठ्या बाई म्हणतात, आधी गळकं छप्पर.

विज्ञानाचा पेपरही आजच मिळाला. नापास. हात खरवडलेले, त्यात हे.

५ फेब्रुवारी

इथे दहावीच्या पुढे वर्ग नाहीत. खाली शहरात खेळाडूंचं वसतिगृह आहे. तिथे जागा मिळाली की शिक्षण, राहणं, जेवण, सगळं त्यांच्याकडे. पण वीस तारखेच्या सामन्यात निवडणाऱ्यांच्या डोळ्यांत भरायला हवं, आणि एकाही विषयात नापास चालत नाही.

नाहीतर मावशी. मावशीला जुळं झालंय. तिला हाताखाली कुणीतरी हवंय, आणि ते कुणीतरी मी आहे हे सगळ्यांनी ठरवून टाकलंय. बाबांना विचारलं. ट्रक पुसता पुसता म्हणाले, "जागा मिळाली तर खुशाल जा. नाही मिळाली तर मावशीकडे. इथे बसून काय करणार?" चिडले असते तर भांडता तरी आलं असतं. शांतपणे बोलले, आणि खरंच बोलले.

मला मुलं सांभाळायची नाहीत. मला खेळायचंय. बस्स.

९ फेब्रुवारी

चष्मा (जाड भिंगांची, म्हणून चष्मा) रोज मधल्या सुट्टीत विज्ञान घेते माझं. वर्गात पहिली, आणि आमच्या संघात बॉल उचलून देणारीही तीच. शिकवताना दहा वेळा कपाळाला हात लावते. "शिडी, बलाची व्याख्या पाठ आहे, मग गणितात बल कुठे गायब होतं तुझं?"

घरी येऊन वाचायला बसणार, तर बाबांनी मालावर टाकायचं जाळं समोर आणून टाकलं. कोपऱ्यात फाटलंय. आईच्या बोटाला कापलंय, म्हणून मी. सगळी संध्याकाळ गाठी मारत बसले. बाबांनी ओढून बघितल्या. "ढिल्या आहेत. वळणावर माल सांडेल माझा." मनात म्हटलं, सांडू दे! पुस्तक उघडलंच नाही नंतर.

१४ फेब्रुवारी

धुकं. जाळीपलीकडची मुलगीही दिसत नाही. सराव रद्द.

१७ फेब्रुवारी

विज्ञानाची फेरपरीक्षा दिली. चष्मा बाहेर वाट बघत उभी. "चौथा आला?" आला. "सहावा?" तोही आला बहुतेक. तिने सुस्कारा सोडला, जणू पेपर तिचाच होता.

१९ फेब्रुवारी

उद्या. बाबांना उद्या माल घेऊन त्याच शहरात जायचंय. येणार का, असं मी विचारलं नाही.

२० फेब्रुवारी

हरलो. माझ्यामुळे हरलो.

केवढं मोठं सभागृह! लाकडी जमीन, वर छप्पर, वारा नाही, धुकं नाही. एका टोकाला पांढरी भिंत. दुसऱ्या टोकाला वरपासून खालपर्यंत काचा, त्यातून नुसतं आभाळ दिसतं. पहिल्या डावात आम्हाला काचांच्या दिशेने मारायचं होतं. चष्मा एकेक बॉल अगदी हातात ठेवल्यासारखा देत होती, आणि मी उडी मारून नुसता पलीकडे टाकत होते. समोरच्या मुली हसत हसत उचलत होत्या. दुसऱ्या डावात बाजू बदलली, भिंत समोर आली आणि मी असा हाणला की त्यांचं हसू गेलं. जिंकलो तो डाव. तिसऱ्यातही भिंतीकडे मारत होते तोवर पुढे होतो. आठ गुणांना बाजू बदलली. मग मी मेले.

सर कडेने ओरडत होते, "मार शिडी, मार आता!" आता मार म्हणतात. तीन वर्षं काय म्हणत होते?

बसमध्ये अर्ध्या घाटात चष्मा हळूच म्हणाली, "तुला कळलं का? तू फक्त काचांकडे हळू मारत होतीस. तुला वाटत होतं, बॉल जाईल."

मला काहीच वाटत नव्हतं. मी तर मारतच होते. हातालाच वाटत होतं. मी खिडकीला डोकं लावून रडले. चष्माने आपला रुमाल दिला, आणि तो आधीच ओला होता.

२३ फेब्रुवारी

यादी लागली. नाव नाही.

सर म्हणाले, मार्चअखेर उरलेल्या दोन जागांसाठी परत चाचणी आहे. "तुझं नाव देतो." कशाला देताय? महिन्याभरात हा हात सुधारणार आहे का? आणि सराव करायचा कुठे? तिथेच, त्याच दरीसमोर, त्याच एका बॉलने.

घरी सगळं ओकले. भिंत, काचा, आभाळ, जी मारेल ती उतरेल, सगळं. आईवर ओरडले, धाकट्या भावावर ओरडले, मावशीच्या जुळ्यांनाही सोडलं नाही. बिचाऱ्यांनी काय केलंय माझं? बाबा जेवत होते. मान वर करून एवढंच म्हणाले, "जेव आता." मी ताट सरकवून उठले.

आपल्या माणसाला आपलं काहीच कळू नये, याच्यासारखं दुःख नाही.

२५ फेब्रुवारी

विज्ञानात पास. चांगली पास. सरांनी पेपर वर्गात उंच धरून दाखवला. चष्मा नाचली. मला हसू आलं नाही. मावशीकडे पोळ्या लाटायला विज्ञान लागत नाही.

२७ फेब्रुवारी

सरावाला गेले नाही. आईने माझी बॅग माळ्यावरून काढून झटकून ठेवलीय.

२८ फेब्रुवारी

चष्मा घरी आली आणि हात धरून ओढतच घेऊन गेली. मैदानाच्या दरीकडच्या टोकाला दोन लांब खांब रोवलेले, आणि त्यांच्यामध्ये बाबांच्या ट्रकचं जाळं, या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणून बांधलेलं. खालच्या कोपऱ्यात माझ्या गाठी होत्या. ढिल्या होत्या त्या परत आवळलेल्या.

धाकटा तिथेच उड्या मारत होता. बाबा उजाडताच आले होते म्हणे, सर खांब धरून उभे होते. वीस तारखेला सभागृहाच्या दाराशी बाबा शेवटपर्यंत उभे होते, हेही त्यानेच सांगितलं. आज माल नुसत्या दोरांनी बांधून, सावकाश चालवत गेलेत.

"काही म्हणाले?"

"मार म्हणावं तिला, एवढंच."

चष्माने बॉल उचलून दिला. मी दरीकडे मारला, होता नव्हता तेवढा जोर लावून. तो जाळ्यावर आदळला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला. कुणालाच उतरावं लागलं नाही.