त्या शनिवारचा ताप

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी आज तुम्हाला लिहायला बसले आहे. मी तुमच्याच वाटेने आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते, आणि करिअर मार्गदर्शनाचं कामही माझ्याच गळ्यात पडलं आहे. भिंतीवर डॉक्टर, पायलट, कलेक्टर यांचे रंगीत तक्ते आहेत, टॅबवर मुलांचा कल तपासायची चाचणी आहे. पण शनिवारी मी तुमचंच चालवते. दप्तर घरी ठेवायचं, वही-पेन्सिल घ्यायची आणि गावातल्या एखाद्या कामाच्या माणसाकडे जायचं. तपासणीला आलेले साहेब ह्याला नावीन्यपूर्ण उपक्रम म्हणतात आणि मी मान डोलावते. तो कुणाचा, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

तुम्ही तीर्थपुरीहून जीपमध्ये अवघडून बसून यायचात आणि उतरल्यावर आधी पदराने चष्मा पुसायचात. मग आमची वरात कधी शिंप्याकडे, कधी पोस्टात, कधी विहिरीवरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी पुन्हा तार गुंडाळून भरून देणाऱ्याच्या दुकानात. प्रश्न तीनच ठरलेले: तुमचं काम काय, ते कुणी शिकवलं, आणि त्यात चुकतं कुठं? तिसऱ्या प्रश्नाला माणसं आधी हसायची आणि मग खरं बोलायची.

मी सहावीत असताना तुम्ही वडिलांच्या कामावर चार ओळी लिहायला सांगितल्या. वर्गात बहुतेक पोरं उसाच्या रानवाल्यांची. त्यांच्या रिकाम्या रानात खतासाठी आमची मेंढरं बसायची, आणि त्यांच्या आया माझ्याशी लांबून ओंजळीत पाणी वाढल्यासारख्या बोलायच्या. मी एकच ओळ लिहिली. माझे वडील काही करत नाहीत, मेंढरं वळतात. तुम्ही ती वाचलीत, वही मिटलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "काही करत नाहीत? मग तू रोज खातेस ती भाकर आभाळातून पडते का?" त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या मेंढरांच्या वाड्यावर आलात, लेंड्या तुडवत, आणि वडिलांना म्हणालात, येत्या शनिवारी तुम्ही शाळेत शिकवायला या. वडील डोईचं मुंडासं सोडत होते, पुन्हा बांधत होते. "म्या काय शिकविणार, बाई? मला सही बी येत न्हाई." पण त्या आठवड्यात त्यांनी लोकर कातरायची कातर दोनदा पाजळून आणली, आईला धोतर नीळ घालून धुवायला लावलं. असा हरखलेला माणूस मी आमच्या घरात पाहिला नव्हता.

आणि शनिवारी सकाळी मी म्हणाले, मला ताप आलाय. वडील निघायच्या बेतात आहेत, काखेत कोकरू आहे. ते माझ्याजवळ येऊन बसतात. कपाळाला हात लावत नाहीत, माझा कान बोटांत धरतात, थोडा वेळ तसेच राहतात. मग आईकडे न बघता म्हणतात, "ताप हाय. पडून राहू दे तिला." आणि एकटेच शाळेकडे जातात. तुम्ही विचारलंत तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं, असं मला नंतर कळलं. तुम्ही सोमवारी माझ्यासाठी ग्लुकोजचा पुडा आणला होता. मी तो घेतला, बाई.

त्याच सोमवारी बुडालेला धडा उतरवायला मी मैत्रिणीची वही घेतली. दातांवरून मेंढीचं वय कसं ओळखायचं, पाऊस यायचा असला की कळप कसा वागतो, सगळं सुवाच्य लिहिलेलं. तिसऱ्या प्रश्नाखाली वडिलांचं उत्तर होतं. रस्ता चुकतो, भाव चुकतो, कधी कोकरू दगावतं. पण ताप कान धरला की बराबर कळतो, त्यात मी आजवर चुकलो नाही. ती ओळ मी माझ्या वहीत उतरवली नाही. तेवढीच जागा मोकळी सोडली.

वडिलांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. माझ्या डी.एड.साठी कळपातली निम्मी मेंढरं विकली तेव्हाही नाही, आणि घनसावंगीच्या दवाखान्यात खाटेवर पडले होते तेव्हाही नाही. तिथे मी त्यांचा कान धरून पाहिला. चांगलाच तापला होता. त्यांनी डोळे उघडले. "हाय का?" मी म्हणाले, नाही. ते किंचित हसले. मला वाटतं तेव्हाच मी माफी मागायला हवी होती. मी पांघरूण सारखं केलं आणि नर्सला बोलवायला गेले.

गेल्या शनिवारी आम्ही एका मेंढपाळाकडे गेलो होतो. हे शनिवार सुरू केल्यापासूनच्या सहा वर्षांत पहिल्यांदाच. आजवर मी ते टाळत आले होते. परत येताना एक मुलगी माझ्या शेजारून चालत होती. तिचे वडील ऊसतोडीला जातात. तिने मला सहज विचारलं, "बाई, तुमचे वडील काय करायचे?" ती वही उघडून, पेन्सिल धरून थांबली होती. मी तिसऱ्या प्रश्नाची एवढी तारीफ करते, आणि मला पहिलाच जड गेला.

हे पत्र कुठं टाकणार? माझ्या टेबलाच्या खणातच राहील. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की मला त्या शनिवारी ताप नव्हता. आणि त्या मुलीला मी म्हणाले, शेती करायचे. तिने ते तसंच लिहून घेतलं.