तोंडी परीक्षा उत्तम गेली

७ जुलै, लोमे
पोचलो. घानातल्या आकात्सीहून सीमेपर्यंत ट्रोट्रो व्हॅनमध्ये चेंगरून, सीमा पायी, पलीकडे टोगोत मोटारसायकलवाला. त्याला पत्ता मुद्दाम फ्रेंचमध्ये सांगितला. तो म्हणाला, काका, आपल्या एवे भाषेत सांगा ना, लवकर पोचू. घाई होती म्हणून एवेत सांगितला. उद्यापासून नाही.

कोर्स सहा आठवड्यांचा. गुणांची वाटणी अशी: वर्गातला सहभाग तीस, रोज फ्रेंचमध्ये लिहायची रोजनिशी वीस, स्थानिक कुटुंबाची पाहणी वीस, शेवटची तोंडी परीक्षा तीस. रोजनिशी मी आधी आपल्या भाषेत लिहिणार आणि मग सवडीने फ्रेंचमध्ये उतरवणार. मजकूर पक्का होतो.

हेडमास्तर दोट्से स्पष्ट बोलले आहेत. सप्टेंबरपर्यंत प्रमाणपत्र आणा, नाहीतर सितसोफेबाईंचा वर्ग नव्या माणसाकडे जाईल. सितसोफे माझी बायको. शाळेत फ्रेंच शिकवायची. डिसेंबरात गेली. तेव्हापासून तिचा वर्ग मी घेतो. माझा विषय भूगोल, पण फ्रेंच शिकवणाऱ्या बाईबरोबर एकोणीस वर्षं संसार केल्यावर निम्मी फ्रेंच आपोआप येते. उरलेली निम्मी इथे करू.

तिच्या वर्गात भिंतीभर तिने हाताने काढलेले तक्ते आहेत. नवा माणूस आला की आधी भिंती मोकळ्या करतो. सगळे करतात.

८ जुलै
चाचणी घेऊन सर्वांत खालच्या गटात घातलं. काहीतरी घोटाळा झालेला दिसतो. तक्रार केली नाही, पाया पक्का होईल.

शिकवायला मादाम त्चाला आहेत. त्या उत्तरेतल्या कारा गावच्या, एवेचं अक्षरही येत नाही. म्हणाल्या, मिस्यू आमेगाशी, हसता छान, पण मी तुम्हाला प्रश्न विचारला होता. वर्गात बाकी सगळी विशीतली पोरं. शेजारी नायजेरियातल्या कालाबारची इनिओबोंग बसते. तिने विचारलं, अंकल, तुम्ही तपासणीला आलात का? मी नाही म्हटलं नाही.

राहायची सोय आब्लावीताईंच्या घरी. दिवसभर कानावर फ्रेंच पडावी म्हणून कोर्सवाल्यांनीच लावून दिली आहे. ताईंचं बाजारात कापडाचं दुकान आहे. माझा काळा शर्ट पाहून त्यांनी एवेत विचारलं, कोण गेलं, मास्तर? मी फ्रेंचमध्ये सांगितलं की काळा रंग मळत नाही, प्रवासाला बरा. बॅगेतले बाकीचे शर्टही काळेच होते, तेही त्यांनी पाहिले. म्हणाल्या, बरं, मळत नाही तर मळत नाही. जेवून घ्या.

११ जुलै
ताईंना विनंती केली की घरात माझ्याशी फ्रेंचच बोला, गुणांचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, अहो मास्तर, दिवसभर त्या भाषेत घासाघीस करून जीभ दुखते माझी. घरी तरी माणसासारखं बोलू द्या की.

या बाईंना कोर्सवाल्यांनी काय पाहून निवडलं?

१५ जुलै
निश्चय केला. आजपासून एवे बंद. ताईंना कळवलं. त्या ठीक आहे म्हणाल्या आणि जेवण संपेपर्यंत बोलल्याच नाहीत. शेवटी एवेत विचारलं, मीठ कमी आहे का? मी मान हलवली. एवढाच संवाद. पण नियम मोडला नाही.

१६ जुलै
नियम शिथिल केला. मक्याच्या आकूमेसोबतची मिरची फार तिखट होती आणि पाण्यासाठी फ्रेंच शब्द वेळेवर आठवला नाही.

१९ जुलै
काल रोजनिशा तपासल्या. माझी कोरी. मी सांगितलं की मजकूर तयार आहे, फक्त भाषांतर राहिलंय. मादाम म्हणाल्या, म्हणजे स्वयंपाक झालाय, फक्त चूल पेटवायची राहिलीय! वर्ग हसला. परदेशी माणसाशी असं बोलणं शोभत नाही.

इनिओबोंगची वही भरलेली. ती आता बाजारात टोमॅटोच्या भावावरून फ्रेंचमध्ये भांडते. तिला इथली दुसरी भाषाच येत नाही, मग काय करील? हे कौशल्य नाही, ही सोय आहे. मला लोमेत कुणी एवेशिवाय तोंडच उघडू देत नाही.

सोमवारपासून रोजनिशी थेट फ्रेंचमध्ये.

२६ जुलै
ताईंच्या चुलत काकांची मयत होती. पाहणीसाठी उत्तम विषय म्हणून गेलो. टिपणं घेतली: तंबू, पांढऱ्या खुर्च्या, बँड, घरच्या सगळ्यांना एकाच छापाचं कापड. मी पाहुण्यांच्या रांगेत बसत होतो, ताईंनी दंडाला धरून घरच्यांत बसवलं. मी परका आहे म्हटलं, तर म्हणाल्या, बसा हो गुपचूप. इथे बसायला आजच्याच मयताचं दुःख लागतं असं थोडंच आहे?

शेजारच्या म्हातारीने विचारलं, तुझं कोण गेलं रे? मी फ्रेंचमध्ये सांगितलं की मी विद्यार्थी आहे. तिला फ्रेंच येत नव्हती. नाइलाज झाला. मग तिने बरंच विचारलं. काय आजार, कधी लक्षात आला, इस्पितळात जवळ कोण होतं, शेवटचं काय खाल्लं. आकात्सीत हे कोणी विचारलं नव्हतं. तिथे सगळ्यांना माहीतच होतं.

स्वयंपाकाचा धूर फार. डोळे सुजले. पाहणी अपूर्ण राहिली.

२ ऑगस्ट
पाहणीचा निकाल: वीसपैकी सात. मी तंबूची आकृती काढली होती, उत्तर दिशेच्या बाणासकट. मादामनी खाली लिहिलंय, तंबू छान. माणसं कुठे आहेत?

सहभागाचे गुणही कमी. त्यांनी तोंडावर सांगितलं, तुम्ही रोज वेळेवर येता आणि पहिल्या बाकावर बसता, तेवढ्याचे दिलेत. आता तोंडीत पैकीच्या पैकी पडले आणि रोजनिशीसाठी त्यांनी मन थोडं मोठं केलं, तर जमून जातं. माझं पाठांतर पहिल्यापासून चांगलं आहे.

१० ऑगस्ट
तोंडीचा विषय आपणच निवडायचा. मी 'माझं गाव' घेतला: स्थान, पर्जन्यमान, पिकं, बाजाराचा दिवस. घोटून पाठ केला. ताईंना म्हणून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, पाऊस बरा पडतो की तुमच्याकडे. आणि घरी कोण असतं? मी सांगितलं, ते विषयात येत नाही.

इनिओबोंगने विचारलं, अंकल, मध्येच प्रश्न आला तर? मी म्हटलं, पर्जन्यमानावर कोणी प्रश्न विचारत नाही. बावीस वर्षांचा अनुभव आहे.

१३ ऑगस्ट, दुपारी
तोंडी परीक्षा उत्तम गेली.

समोर मादाम आणि आनेहो गावचे एक कृश गृहस्थ, मिस्यू कूदावो. मी पर्जन्यमानाला सुरुवात केली. मादाम म्हणाल्या, पाऊस पुरे, मिस्यू. तुम्ही फ्रेंच का शिकताय, एवढंच सांगा.

हे पाठ केलं नव्हतं. पहिलं वाक्य जुळवायला वेळ लागला. पण मग काय झालं कोण जाणे, अडखळणं संपलं. सगळं सांगितलं. सितसोफे रोज सकाळी स्वयंपाकघरातून बोंजूर म्हणायची आणि मी आपल्या भाषेत उत्तर द्यायचो. 'कुटुंब' या तक्त्यातल्या आजीला तिने स्वतःचाच चष्मा काढला आहे. तो तक्ता अजून लागलेला आहे. इस्पितळातही तिने माध्यमिकच्या दुसरीच्या वह्या मागवून तपासल्या होत्या. हे सांगितलं. कागदाकडे पाहावं लागलं नाही. मादामनी मध्ये हात वर केला आणि परत खाली घेतला. कूदावोंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वेळ संपल्याचं कोणी सांगितलं नाही.

इतकी सरळ फ्रेंच मी आयुष्यात बोललो नव्हतो. हेडमास्तरांना फोन केला: परीक्षा उत्तम गेली, तक्त्यांना हात लावू नका.

१४ ऑगस्ट
तोंडीच्या रकान्यात शून्य नाही. नुसती रेघ आहे.

मादामनी बाजूला घेतलं. सावकाश बोलल्या, त्यामुळे सगळं कळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळं कळलं. म्हणाल्या, मिस्यू, पहिलं वाक्य तुम्ही फ्रेंचमध्ये बोललात. पुढचं सगळं एवेत. मला एक अक्षर समजलं नाही.

मी म्हटलं, मग थांबवलं का नाही? त्या म्हणाल्या, थांबवत होते. कूदावोंना एवे येते, त्यांनी टेबलाखालून पाय दाबला माझा.

म्हणजे दया. तीसपैकी दयेला किती, ते माहितीपत्रकात छापलेलं नाही.

इनिओबोंग पहिली आली. तिने विचारलं, अंकल, तुमचं? मी म्हटलं, निकाल राखून ठेवलाय. ती अभिनंदन म्हणाली.

मला प्रमाणपत्राऐवजी हजेरीचा दाखला दिला. श्री. आमेगाशी कोर्सला हजर होते. ताईंनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, शिक्का मोठा आहे हो. मग दुकानातलं गर्द निळं कापड काढून दिलं. म्हणाल्या, काळं उतरवाल तेव्हा शर्ट शिवा. मळणार नाही असंच निवडलंय.

९ सप्टेंबर, आकात्सी
हेडमास्तरांनी दाखला वाचला. म्हणाले, आमेगाशी, हजर तर तुम्ही इथेही असता. मग पाठीवर हात ठेवला. तो ठेवला नसता तरी चाललं असतं.

नवा शिक्षक केटा गावचा. नाव एलिकेम, वय सव्वीस. सभ्य आहे. तक्ते स्वतः उतरवून, गुंडाळी करून, दोरी बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवले. म्हणाला, सर, हे तुमचे ना? राग धरावा असंही काही करत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार. रोजनिशी उद्यापासून थेट फ्रेंचमध्ये.

आज पहिल्या तासाला मला भूगोल होता, माध्यमिकच्या पहिलीचा वर्ग, नद्या. उकडत होतं म्हणून दारं उघडी होती. समोरच्या वर्गात तो बोंजूर म्हणाला आणि सगळी मुलं एका सुरात उत्तर देत उभी राहिली, तिने लावलेल्या वळणाने, शेवटचा सूर लांबवत. मीही म्हटलं. बोंजूर.

माझ्या वर्गातली मुलं माना वर करून बघायला लागली. एकाने विचारलं, काय सर?

म्हटलं, काही नाही. व्होल्टा काढा.